टीव्हीवरचा बोकड आणि खिशातला कॉम्प्युटर

लॅपटॉप घरी ठेवून प्रवासाला निघायचं, हे माझ्या पाठीने ठरवलं. गेली सात वर्षं मी शेती आणि पशुपालनाच्या पुस्तिकांची मांडणी आणि मुद्रितं तपासण्याचं काम करते. काम घरूनच, त्यामुळे कुठेही गेलं तरी ते मागोमाग येतं. मागच्या सुट्टीत लॅपटॉप आणि त्याचा विटेएवढा चार्जर खांद्यावर वागवला आणि घरी आल्यावर चार दिवस आडवी झाले. तेव्हाच आठ इंची टॅब घेतला. कुर्त्याच्या खिशात मावतो. सोबत तीन घड्यांचा कीबोर्ड, चपटा माउस, छोटा स्टँड, टीव्हीला जोडायची वायर आणि हे सगळं एकाच भोकातून टॅबला जोडणारी एक डबी, तिला हब म्हणतात.

नवऱ्याने हे सगळं टेबलावर मांडलेलं पाहिलं.

"टॅब खिशात मावतो हे कळलं," तो म्हणाला. "बाकीचं कोणाच्या खिशात?"

म्हणून मी हट्टाने निघाले. हॉस्टेलवरची माझी मैत्रीण सुनंदा लग्न होऊन केज तालुक्यातल्या युसूफ वडगावला गेली, तिथेच शाळेत शिकवते. पंधरा वर्षं "ये गं, ये गं" चाललं होतं. तिच्याकडे एक मुक्काम, मग अंबाजोगाई, मग परत. काम एकच उरलं होतं: शेळीपालनाची पुस्तिका. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ती छपाईला जाणार होती. चार वेळा वाचून झाली होती, पाचवं वाचन बसमध्ये करणार होते. यात एक बारीक गोष्ट होती. आधीच्या पुस्तिकेत माझ्या हातून 'कोंबडीखत'च्या जागी 'कोंबडीखात' छापलं गेलं होतं आणि संपादक सरांनी शांतपणे सांगितलं होतं, "पुढच्या वेळी अशी चूक झाली तर आपण दुसरं माणूस बघू." सर चिडले असते तर बरं वाटलं असतं.

पुण्याहून पहाटे साडेपाचची एसटी घेतली. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे या मार्गावर खासगी गाडीचा विचारही करू नका. नगर सोडल्यावर झाडं विरळ होत जातात, डिसेंबरात हवा कोरडी आणि छान असते. उसाने लादलेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत पुढे असतात, तेव्हा वेळेचा हिशेब सैल ठेवा.

आष्टीला बस अर्धा तास थांबली. स्टँडसमोरच्या हॉटेलात गरम भजी आणि चहा सांगितला आणि कोपऱ्यातल्या टेबलावर माझा कॉम्प्युटर प्रथमच जगासमोर उभा केला. मुद्रितं तपासताना मी टॅबला मजकूर मोठ्याने वाचायला लावते, कानाला चुका जास्त कळतात. इअरफोन जोडायचे म्हणून ब्लूटूथच्या यादीतल्या पहिल्या नावावर बोट ठेवलं. हॉटेलात मालकांच्या फोनवरून स्पीकरवर भजन चालू होतं. मालक फोन खिशात घालून मागे सिलिंडर आणायला गेले तसं ते भजन तुटलं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं ते एवढंच की छताजवळच्या काळ्या डब्यातून एक बाई सपाट आवाजात बोलायला लागली:

"शेळी माजावर आल्याची लक्षणे. एक. कारण नसताना सतत ओरडणे. दोन. खाण्यावरून लक्ष उडणे. तीन. एका जागी न थांबणे."

सगळं हॉटेल भजी हातात धरून वर बघत होतं. मी टॅबवर दिसेल ते दाबत होते. त्यामुळे आवाज वाढला.

"आरं, हे तर आमच्या सायबाचं वर्णन हाय," पलीकडच्या टेबलावरचा एक फेटेवाला म्हणाला.

मालक सिलिंडर घेऊन धावत आले. "भजन कावून बंद केलं? आन ही बाई कोण बोलायलीय?"

मी हात वर केला. माफी मागितली. त्यांनी फोन काढून स्पीकर परत आपल्या ताब्यात घेतला आणि म्हणाले, "बंद कशाला केलं? चौथं लक्षण तरी सांगायचं." फेटेवाल्यांनी बसपर्यंत माझी पिशवी आणून दिली आणि जाताना विचारलं, "पुस्तक कवा निघणार हाय?"

जामखेड, पाटोदा, मांजरसुंबा असं करत केजला पोचायला दुपारचे चार वाजले. बसमध्ये मांडीवर तीन घड्यांचा कीबोर्ड उघडून मी एक पान नव्याने टाइप केलं, कारण तक्ता पुढच्या पानावर सरकला होता. शेजारच्या आजींनी कीबोर्ड उलगडताना पाहिला आणि मला जागा करून दिली. त्यांना वाटलं मी पोथी उघडतेय. केजहून वडगावला मिळेल ती जीप.

सुनंदा अंगणातच उभी होती. पंधरा वर्षांत ती तशीच आणि मी तशीच, असं दोघींचं खोटं सांगून झालं. तिचे सासरे अण्णा, एके काळचे सरपंच, ओसरीवर बसले होते. सरपंचपद गेलं तरी टीव्हीचा रिमोट मात्र त्यांनी सोडलेला नाही, असं सुनंदा आत गेल्यावर कुजबुजली. टीव्ही मोठा होता. मला पानं शेवटची एकदा पूर्ण आकारात बघायची होती, म्हणून मी भीतभीत विचारलं.

"जोडा की," अण्णा म्हणाले. "बातम्यात तरी काय हाय? तेच ते."

वायर लावली, हब लावला, चार्जर लावला. टॅबचं चित्र टीव्हीवर आलं. (टॅब विकत घेताना हे नक्की विचारा. टाइप-सीचं भोक असलं तरी सगळ्याच टॅबमधून चित्र बाहेर जात नाही. मी घेताना विचारलं नव्हतं, नशिबाने जात होतं.) आता माझ्यापुढे खराखुरा कॉम्प्युटर होता. चहाच्या ट्रेवर माउस फिरवत मी अगदी ऐटीत बसले.

तेवढ्यात शेजारच्या भामाबाई आल्या. दिवसभर शेळ्या चारून संध्याकाळी सातची मालिका बघायला त्या रोज इथे येतात. त्या नेहमीच्या जागी, खांबाला टेकून बसल्या आणि टीव्हीकडे बघू लागल्या. टीव्हीवर माझं मुखपृष्ठ होतं: वर मोठ्या अक्षरांत 'शेळीचे दूध वाढवण्याचे सोपे उपाय' आणि खाली एक काळंभोर, रुबाबदार जनावर.

"आज सिरेल न्हाई?"

"दहा मिनिटं, मावशी," सुनंदा म्हणाली. "हिचं काम चाललंय. शेळ्यांचंच पुस्तक आहे."

"वर काय लिव्हलंय?"

सुनंदाने वाचून दाखवलं. भामाबाईंनी फोटो नीट न्याहाळला. मग त्यांनी पदर तोंडाला लावला.

"ताई, ह्यो बोकड हाय."

"काय?"

"बोकड. ह्याचं दूध कसं वाढिवणार तुमी?"

अण्णा रिमोट घेऊन उठले आणि टीव्हीजवळ गेले. वाकून नीट बघितलं. "हाय की," ते म्हणाले. "पुरावा हाय." सुनंदा जमिनीवर बसून हसायला लागली. मी आठ इंची पडद्यावर तो फोटो चार वेळा पाहिला होता. फोटो फार देखणा आहे, असा शेराही संपादकांना पाठवला होता.

आता भामाबाईंना मालिकेत रस उरला नाही. "म्होरं वाचा," म्हणाल्या. सुनंदा वर्गात वाचावं तसं वाचत गेली, भामाबाई मान हलवत गेल्या. चारा, बरोबर. गोठा, बरोबर, "पर एवढा गोठा बांधायचा तर आमी कुठं ऱ्हायचं?" मग पोटफुगीचा तक्ता आला, तोच मी बसमध्ये टाइप केलेला.

"गोडेतेल पाचशे मिली पाजावे," सुनंदाने वाचलं.

"किती?"

"पाचशे. म्हणजे अर्धा लिटर."

भामाबाई खांबापासून सरळ झाल्या. "शेळीला पाजायचंय का शेळी तळायचीय?"

मी हसले नाही. मूळ हस्तलिखिताचा फोटो टॅबमध्ये होता, तो उघडला. पुस्तिका लिहिणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: ५०. कीबोर्ड तपासला. तिसऱ्या घडीजवळचं शून्याचं बटण एकदा दाबलं की दोनदा उमटत होतं. बोकडावर लोक हसले असते. या शून्यापायी कुणाची तरी शेळी गेली असती, आणि पुस्तिका हातात धरून माणूस म्हणाला असता, छापलंय की असं.

"पन्नास लिव्हा, आन हळूहळू पाजायचं म्हणून लिव्हा. ठसका लागतो," भामाबाई म्हणाल्या. ठसक्याचं हस्तलिखितातही होतं, माझ्याकडून तेही गळलं होतं. दोन्ही घातलं. मग सगळी पुस्तिका, प्रत्येक आकडा, त्यांना वाचून दाखवला. जेवायला हिरव्या मिरचीचा ठेचा आणि ज्वारीची भाकरी होती. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं ते बरंच झालं, वेगळं काही सांगावं लागलं नाही.

मुखपृष्ठाला खऱ्या शेळीचा फोटो हवा होता. सकाळी धपाटे-दही खाऊन नऊ वाजता आम्ही भामाबाईंच्या वाड्यावर गेलो. वाडा म्हणजे काटेरी कुंपणातली शेळ्यांची जागा.

"ही घ्या. कलेक्टर," त्यांनी एक काळी, लांब कानांची शेळी पुढे ओढली. "आली की बाकीच्या उभ्या ऱ्हात्यात, म्हणून कलेक्टर."

कलेक्टरने फोटोसाठी सहकार्य केलं नाही. कॅमेरा वर केला की ती पाठ करायची, आणि मुखपृष्ठाला ती बाजू चालणार नव्हती. चाळीस फोटो काढल्यावर एक जमला: मान वळवलेली, कास स्पष्ट दिसणारी, चेहऱ्यावर माझ्याविषयी जरासा तिटकारा. सवा दहा झाले होते. घरी जाऊन टीव्ही जोडण्यात वेळ घालवायला नको म्हणून मी चाऱ्याच्या रिकाम्या गव्हाणीवर फळी टाकली आणि तिथेच कॉम्प्युटर मांडला. कीबोर्डावर शून्य लागणार नव्हतं.

फोटो बसवला, अक्षरं हलवली, काम झालं. सुनंदाला दाखवायला वळले. गव्हाणीवर काही ठेवलंय म्हणजे ते खायचं असतं, हे कलेक्टरला जन्मापासून माहीत. तिने पडद्याला जीभ लावली. टॅबला जीभ आणि बोट यांतला फरक कळत नाही. फाइल बंद होता होता टॅबने विचारलं, बदल जतन करायचे का? कलेक्टरने नाकाने उत्तर दिलं: नाही.

"आता गं?" सुनंदा म्हणाली.

पुन्हा. भामाबाई काठी घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या, सुनंदाने कलेक्टरची शिंगं धरली, मी फळीवर वाकून पहिल्यापासून मांडणी केली. ओला पडदा ओढणीने पुसत होते आणि प्रत्येक पुसण्याला फोटो भलतीकडे सरकत होता. दहा पन्नासला फोनच्या इंटरनेटवरून फाइल गेली. सोबत मी खरं ते लिहिलं: काल फाइलमध्ये दोन जागी चुका सापडल्या, औषधाच्या तक्त्यातली माझी, फोटोची आपल्या सगळ्यांची. अकराला दोन मिनिटं कमी असताना उत्तर आलं: "मिळाली. छपाईला दिली. आधीचा बोकड होता?"

भामाबाईंना वाचून दाखवलं. "म्हंजे सायबालाबी कळालं न्हवतं," त्या म्हणाल्या, आणि शेळ्या घेऊन रानाकडे निघाल्या.

दुपारी अंबाजोगाई. योगेश्वरीच्या देवळात जा, पण हत्तीखान्याची लेणी चुकवू नका, दगडी हत्तींजवळ मी एकटीच तासभर बसले. मुकुंदराजांच्या समाधीकडे दरीत उतरताना गुडघ्यांना आधी विचारा. मेडिकल कॉलेजच्या बाजूला चहा चांगला मिळतो, राहायला स्टँडजवळ साधी, स्वच्छ लॉज आहेत. माझा कॉम्प्युटर तिथे पिशवीतून बाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळची थेट पुण्याची बस मिळाली आणि मी पाटोद्यापर्यंत झोपले.

घरी आल्यावर सगळे विचारतात, टॅबवर खरंच काम होतं का? होतं. टीव्ही मिळाला तर छान होतं, गव्हाणीवर जेमतेम होतं. घडीचा कीबोर्ड घेणार असाल तर दुकानातच प्रत्येक आकडा दाबून बघा. पाठ अजिबात दुखली नाही. पण आठ इंची पडद्यावर तपासलेलं काही मी आता शेवटचं म्हणून पाठवत नाही. कुणाला तरी वाचून दाखवते, आणि जमलं तर अशा माणसाला, ज्याला त्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं.

पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघतेय. शेवटच्या पानावर तज्ज्ञांची नावं असतात, प्रत्येकापुढे कंसात पदवी. तिथे भामाबाईंचं नाव घालू या, असं मी संपादक सरांना म्हटलं. ते हो म्हणाले, पण कंस रिकामा कसा ठेवायचा, म्हणाले. म्हणून सुनंदाच्या फोनवर भामाबाईंनाच विचारलं: मावशी, नावापुढे काय लिहू?

आधी त्यांनी शेळ्या आत हाकलल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "मोजून सांगते."

तसंच छापायला दिलंय. तीन डॉक्टर, त्यांच्या लांबलचक पदव्या, आणि खाली: भामाबाई, युसूफ वडगाव (शेळ्या एकतीस, बोकड दोन).