पाणक्या पोचला, असं मी सांगितलं

हे मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. ह्यांच्याजवळ नाही, मुलाजवळ नाही, आणि ज्यांच्यासमोर बसून मी रोज सकाळचा चहा पिते त्या वन्संजवळ तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर — खरं सांगू? — मी आणखी एखादी गोष्ट रचून मोकळी झाले असते. त्या कामात मी तरबेज आहे.

गोष्ट तशी मजेची आहे. हसू आलं तर खुशाल हसा, मलाही येतं. हसण्यावारी जाते म्हणून तर चार वर्षं खपून गेली.

आम्ही काशीत मंगला गौरीच्या देवळाजवळ राहतो. घर शास्त्र्यांचं. सासरे न्यायशास्त्रातले, थोरले दीर व्याकरणातले, आमचे हे संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. आणि त्या घरात मी, इंग्रजीची मास्तरीण. मुलींच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. सासरे त्याला पोटापाण्याची विद्या म्हणायचे. रागाने नव्हे हो, कौतुकानेच म्हणायचे — पण मला ते लागायचं. घरात कुठल्याही श्लोकावर वाद रंगला की मी चहा ठेवायला उठायची. हे मी सबब म्हणून सांगत नाहीये. मग का सांगतेय? तुम्हाला माणूस कळावं म्हणून, एवढंच.

तर चार वर्षांपूर्वी पौषात मुलगा सुट्टीवर आला आणि टीव्हीला इंटरनेट जोडून देऊन गेला. ह्यांनी चाचपडत कुठलंसं बटण दाबलं आणि एक मालिका सुरू झाली. युरोपातल्या सायकल शर्यतीवरची. नट-बिट कुणी नाही, खरेच सायकलस्वार, खरीच शर्यत. तीन आठवडे रोज डोंगर चढायचे आणि उतरायचे. हे बंद करायला निघाले, तेवढ्यात एका वळणावर वीसपंचवीस सायकली एकमेकींवर आदळल्या आणि वन्सं ओरडल्या, “अरे देवा! गिर गए सब!” झालं. टीव्ही काही बंद झाला नाही.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, कुसुमताई. लग्न केलं नाही. आई लवकर गेली, तेव्हापासून तीन भावांचं घर त्यांनी चालवलं. त्या वेळी पंचाहत्तरीला टेकल्या होत्या, गुडघे कुरकुरत होते, पण आवाज खणखणीत.

दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी चारला एक भाग, असा नेमच पडला. समोरच्या घरातले दामले भाऊजी यायला लागले. ते रेल्वेत गार्ड होते, त्यामुळे कोण किती मिनिटं मागे आहे याची त्यांना फार फिकीर. येताना चूडा-मटर, म्हणजे इकडचे मटार घातलेले पोहे, आणायचे. मालिकेतली माणसं दहा भाषांत बोलायची आणि खाली इंग्रजी ओळी यायच्या, भराभर. दामल्यांचं इंग्रजी गाडीच्या वेळापत्रकापुरतं. ह्यांना ओळ वाचून होईपर्यंत पुढचा डोंगर यायचा. मग सगळे कुणाकडे बघणार?

माझ्याकडे. टीव्हीशेजारी वेताची खुर्ची टाकली गेली. सासरे ज्या जागी बसून पोथीचा अर्थ सांगायचे, तीच जागा. मी एक ओळ वाचायची आणि अर्थ सांगायची, आणि शास्त्र्यांच्या घरातली माणसं कान टवकारून ऐकायची. हे मध्येच म्हणायचे, “थांब, थांब, सुधाला बोलू दे.” पस्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. काय सुख होतं ते, कसं सांगू!

आणि आमची प्रेक्षक मंडळी! शर्यत बघावी की त्यांना बघावं? सायकलवर बसल्या बसल्या केळं खाणारा दिसला की वन्सं म्हणायच्या, “उष्टे हात हँडलला!” घाटातला उतार आला की डोळे मिटून रामराम सुरू, आणि मध्येच एक डोळा उघडून, “उतरला का गं?” बर्फाळ वाऱ्यात ती तोकडी चड्डी बघून त्यांनी अंगावरची शाल घट्ट ओढून घेतली, त्या पोरांच्या वतीने. दामले घड्याळ घेऊन बसायचे. ह्यांचं निराळंच. एका नायकासाठी बाकी सात जण राबतात, वाऱ्याला छाती देतात, हा कुठला न्याय, यावर ते चहा थंड होईपर्यंत बोलायचे.

त्या सातांत एक पोरगा होता. किडकिडीत, कान पुढे आलेले. त्याचं काम पाणी आणायचं. मागच्या गाडीपर्यंत मागे पडायचं, सदऱ्यात पुढून-पाठून बाटल्या कोंबायच्या आणि जीव खाऊन पुन्हा पुढे जाऊन सगळ्यांना वाटायच्या. दिवसातून पाच-सहा वेळा. पहिल्याच दिवशी वन्संनी त्याचं नाव ठेवलं, पाणक्या.

तिसऱ्या भागात तो बाटल्यांनी फुगलेला सदरा घेऊन चढ चढत होता. वन्सं एकदम म्हणाल्या, “अगं, ही तर मीच की.” आमच्या घरात पूर्वी तिसऱ्या मजल्यावर नळाला पाणी चढत नसे. वन्सं गल्लीतून बादल्या भरून आणायच्या, भावांच्या आंघोळीला, सोवळ्याला, स्वयंपाकाला. भाऊ वर बसून न्याय आणि व्याकरण शिकायचे. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्या दिवशीही तक्रार म्हणून नाही बोलल्या — हसल्या, खूश झाल्या, जणू त्यांना कुणी टीव्हीवर दाखवलं होतं. ह्यांनी मात्र चष्मा काढून बराच वेळ पुसला.

आता मुद्द्यावर यायला हवं. येते. जरा धीर धरा.

एका भागात मी चुकले होते. शर्यतीच्या शेवटी एक गाडी चालते, तिचं इंग्रजी नाव झाडूवरून आहे. मी ठासून सांगितलं की ती मागून रस्ता झाडत येते. दामले म्हणाले, “वहिनी, त्या गाडीत तर नंबर लावलेला माणूस बसलेला आहे. झाडतोय कोण?” ती गाडी हार मानणाऱ्यांना उचलून घेते, हे मला नंतर कळलं. सगळे पोट धरून हसले. मीही हसले. पण आतून जळले. दुसऱ्या दिवशी दामल्यांनी शंका काढली की हा पाणक्या काही शेवटपर्यंत टिकत नाही, गुडघा बघा त्याचा. वन्सं घाबऱ्या झाल्या. आणि मी खुर्चीवरून म्हणाले, “पोचणार. मी नेटवर सगळं वाचलंय.”

काही वाचलेलं नव्हतं. एक अक्षर नाही. दामल्यांचं तोंड बंद करायचं होतं, बस.

पण तेवढ्यावर वन्संचं भागेना. तुम्हाला ठाऊक असेल, काशीला येऊन गेलेलं माणूस इथे काहीतरी सोडून जातं, आवडीचं एखादं खाणं, कायमचं. बहुतेक जण हुशारीने कारलं सोडतात. माझ्या सख्ख्या बहिणीने दुधी भोपळा सोडला. वन्सं जन्माच्या काशीकर, त्यांना कधी काही सोडायची वेळ आली नव्हती. सातव्या भागाच्या दिवशी सकाळी त्या गुडघे धरत मंगला गौरीला गेल्या आणि बोलून आल्या — पोरगा शेवटपर्यंत पोचू दे, मी मलइयो सोडते.

मलइयो! दुधाचा फेस, रात्रभर दवात ठेवलेला, केशराचा, मातीच्या कुल्हडातून मिळणारा. थंडीचे दोन-तीन महिनेच मिळतो. वन्संना दुसरा शौक नाही. सिनेमा नाही, दागिना नाही, प्रवास नाही. थंडीत सकाळी ठठेरी बाजारातून मलइयो आला की या बाई लहान मुलीसारख्या कुल्हड चाटून पुसून स्वच्छ करायच्या.

त्या दुपारी सातवा भाग लागला. मोठा डोंगर, पाऊस. पाणक्या मागे पडला, आणखी मागे पडला, मग एका कठड्याशी थांबला. सायकल टाकून खाली बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. कुणीतरी त्याच्या अंगावर कोट घातला, मिठी मारली. खाली ओळी आल्या. तो म्हणत होता — माझ्याच्याने होत नाही. त्यांना सांगा, मला माफ करा.

वन्सं अर्ध्या उठल्या होत्या. “काय म्हणतोय गं? सुधा, काय म्हणतोय?”

मी म्हणाले, “पोचला! डोंगरमाथ्यावर पोचला, वन्सं. आनंदाने रडतोय.”

हा तो गुन्हा.

तुम्ही म्हणाल, म्हातारीचं मन मोडू नये म्हणून बोललीस. नाही हो. तुम्ही तसं म्हणावं असं मला वाटतं खरं, पण नाही. त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर वन्सं नव्हत्याच. दामले होते. झाडूची गाडी होती. मी वाचलंय म्हणून सांगितलं होतं आणि आता ते खोटं ठरणार होतं, आणि ती खुर्ची माझ्याखालून जाणार होती. नवसाची आठवण तर मला नंतर झाली, वन्सं टाळ्या वाजवायला लागल्या तेव्हा. मी थांबवू शकले असते. एक वाक्य पुरलं असतं.

शेवटच्या भागात शहरात मिरवणूक होती, नायकाच्या गळ्यात हार होते. वन्सं टीव्हीच्या काचेला नाक लावून पाणक्याला शोधत होत्या. कुठे आहे, दिसत नाही तो? मी म्हणाले, मागे असेल, बाटल्या आवरत असेल. आणि त्यांना ते पटलं! जन्मभर त्या स्वतः पंगतीच्या मागेच होत्या, न पटून काय करतील? त्या संध्याकाळी घरात पुरण शिजलं. दामल्यांना आग्रह करकरून वाढलं, त्यांनी हार कबूल केली, मला म्हणाले, मान गए वहिनी. सगळी गल्ली गोळा झाली होती, काय हसलो आम्ही, काय जेवलो! माझ्या आयुष्यातल्या सगळ्यांत छान दिवसांपैकी तो एक आहे. हे लिहितानाही मला बरं वाटतंय. काय करू?

पुढच्या वर्षी मालिकेचे नवे भाग आले. पहिल्याच भागात पाणक्या, घरच्या ओट्याशी उभा, कडेवर मूल. मागच्या वर्षी त्या डोंगरावर शर्यत सोडली, तो दिवस अजून सलतो, असं काहीसं सांगत होता. देवाने अगदी हातात आणून दिलेली संधी. सगळे पुन्हा माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं — मुलगी झाली म्हणतोय, सायकलवर बसवणार आहे तिला. वन्संनी टीव्हीवरच्या त्या तान्हीवरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली.

तेव्हापासून प्रत्येक थंडीत आमच्या घरी मलइयो येतो, आणि वन्सं तो खात नाहीत. त्यांना दुःख होतं का? मुळीच नाही! तेच तर. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या ती गोष्ट सांगतात, डोंगर, पाऊस, रडणं, सगळं, आणि शेवटी माझ्याकडे बोट दाखवतात, की विचारा हिला. मी मान हलवते. गोष्ट आता इतकी रंगली आहे की ऐकताना मलाही क्षणभर वाटतं, पोचला असेल.

या थंडीत वन्सं आजारी पडल्या. ताप, तोंडाची चव गेलेली, दोन चमचे पेजेवर आठवडा काढला. मग ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, आता जे आवडतं ते द्या, पोटात जाऊ दे. हे पहाटेच उठून ठठेरी बाजारात गेले आणि दोन कुल्हड घेऊन आले. आजारपणात सगळं माफ असतं, असं त्यांनी बहिणीला शास्त्राधार देऊन समजावलं. वन्सं उशीला टेकून बसल्या होत्या. कुल्हड हातात घेतला. केशराचा वास घेतला, डोळे मिटून, खोल. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते.

खोलीत आम्ही तिघंच होतो. दामले नव्हते, गल्ली नव्हती, खुर्ची नव्हती. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

वन्संनी डोळे उघडले आणि हसल्या. “नको रे. पोरगा पोचला की नाही? मग आता देवीशी लबाडी करू का?” आणि कुल्हड माझ्यापुढे केला. “सुधे, तू खा. तो पोचल्याचं तोंड भरून सांगितलंस तू मला. माझ्या वाटचा तुझा.”

मी तो घेतला. त्यांच्यासमोर बसून, लाकडी चमच्याने, सगळा खाल्ला.