मापाचा ब्लाउज

माझी मावशी कपडे शिवते. पण हल्ली कमरेला टेप लावली, की गिऱ्हाइकाला हलता येत नाही हे हेरून ती वजन उतरवायच्या पावडरीचं सुरू करते आणि त्याला विक्रीच्या साखळीत ओढते. वर म्हणते, "लोकांचं भलंच होतं गं!"

लोक आता मापाला जुना कपडाच धाडतात. आज आईनंही तेच केलं. सख्खी बहीण, पण पुढे केलं मला. मी तिचा जुना ब्लाउज मावशीला दिला.

मावशी थबकली. "पावडरीनं ताई बारीक झाली असेल ना? मग हे माप कसं चालेल?"

आमच्या पलंगाखाली पावडरीचे सहा डबे सीलबंद पडलेत.

"चालेल," मी पुटपुटले.

मावशीनं टेप उचलली.

"तू राहा बघू सरळ उभी."