चालत्या घराची भांडी

दुकानात आल्या की मावशी आधी पदर कमरेला घट्ट खोचायच्या, उजवा हात पाठीमागे नेऊन त्यात अडकवायच्या आणि मग डाव्या हाताने भांडं उचलायच्या. झाकण काढून बघायच्या, पुन्हा लावून बघायच्या. मग विचारायच्या, "भाऊ, एका हातानं व्हई का हे?"

सुरतेजवळ उधन्यात आमचं भांड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक भांडं कसं पारखतं ते तुम्हीही पाहिलं असेल. कोणी टिचकी मारतं, कोणी तळ उलटा करून बघतं. पण एक हात पाठीशी अडकवून भांडी घेणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होतो. खांदा दुखत असेल, असं वाटलं.

"खांद्याला काय झालं, मावशी?"

"काही नही. गाडीत राहायला जातोय आम्ही. मी चालवणार, स्वयंपाक हे करणार."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

त्यांच्या यजमानांना सगळी गल्ली काका म्हणायची. त्याच्या नऊ वर्षं आधी कारखान्यात काकांचा उजवा हात मशीनमध्ये गेला. तेव्हा मावशी व्हॅन चालवायला शिकल्या आणि आमच्या भागातल्या मुलांना शाळेत पोचवू लागल्या. त्या वर्षी ते काम त्यांनी सोडलं, गाडी जवळच्या सचिन गावात नेऊन तिच्यातल्या सीटा काढून टाकल्या आणि तिथे पलंग, पाण्याची टाकी नि हातभर ओटा बसवून घेतला. त्यांचा वेगळा राहणारा मुलगा म्हणाला, लोक हसतील. त्या म्हणाल्या, हसू दे, आपण कुठं ऐकायला थांबणार आहोत!

काका नऊ वर्षं उंबऱ्यावर बसून होते. येणारा-जाणारा "बिचारे" म्हणायचा. ताटातला घाससुद्धा मावशी कुस्करून द्यायच्या.

"चूक माझीच," त्या एकदा म्हणाल्या. "मी घरात असले की ते हात हलवत नाहीत. आणि मला बघवत नाही, मी उठते. गाडीत माझे दोन्ही हात स्टेअरिंगवर. मग कशी उठणार?"

मग मीही त्या खरेदीत गुंतलो. साधी शेगडी बाद झाली, कारण एका हाताने लायटर धरला तर बटण कोण फिरवणार? बटण फिरवताच पेटणारी एका बर्नरची शेगडी मी मागवून दिली. कुकरशी मावशी अर्धा तास झटल्या. झाकण बसेना.

"राहू दे. पातेल्यात शिजवतील. उशीर झाला तर झाला, आता कुठं कारखान्याचा भोंगा गाठायचाय?"

पोळपाट-लाटणं त्यांनी हातातही घेतलं नाही. "भाकरीला एक तळवा पुरतो," म्हणाल्या. परात सरकू नये म्हणून तिच्याखाली रबर लावून घेतलं. विळी चालेना, तेव्हा मी एका पाटाला खालून दोन खिळे ठोकून दिले. वर आलेल्या टोकांत कांदा रोवायचा आणि सुरीने कापायचा. प्रत्येक डबा त्या कानाशी नेऊन हलवायच्या. "वाजतो. रस्ताभर माझं डोकं खाईल," म्हणून परत.

एका दुपारी त्या काकांनाच घेऊन आल्या. काका दाराशीच थांबले. मावशींनी तो खिळ्यांचा पाट त्यांच्यापुढे ठेवला. दुकानात आणखी दोन बाया होत्या, त्या बघायला लागल्या. काकांचा चेहरा उतरला.

"माले हसाले लोक कमी पडनात का?" ते एकदम ओरडले. पाट खाली आपटला आणि एकटेच निघून गेले.

मावशींनी पाट उचलला, पुसला. मला वाटलं, संपलं सगळं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो तर त्या पायरीवर उभ्या.

"तवा राहिलाय," म्हणाल्या.

"अहो, पण काका..."

"चिडले ना? नऊ वर्षांत पहिल्यांदा चिडले, भाऊ. बरं झालं. तवा जाड दे."

पंधराएक दिवस गेले. मावशी आल्या नाहीत. मग एका सकाळी काका आले. एकटेच. काखेत डबा दाबलेला. माझ्याकडे न बघता तो गल्ल्यावर ठेवला.

"याचं झाकण माले निंघत नही. बदली दे."

मी सात-आठ डबे मांडले. काकांनी एकेक स्वतः उघडून पाहिला. एक डबा छातीशी धरला, अंगठ्याने कड उचलली, टच्चकन झाकण निघालं. तो घेतला आणि "घट्ट बी बसस" एवढंच म्हणून चालू लागले. मी मुद्दाम बाहेर येऊन पाहिलं. गल्लीतला कोणीतरी त्यांना "काय काका, कसं काय?" म्हणाला, तर काकांनी थांबून त्याला डबा दाखवला.

निघायच्या दिवशी सकाळीच त्यांनी गाडी दुकानासमोर उभी केली आणि मला जेवायला आत बोलावलं. काकांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापली. पहिली तव्यावर टाकताना फाटली. मावशी अर्ध्या उठल्या, पुन्हा बसल्या. ओठ दाबून खिडकीबाहेर बघत राहिल्या. दुसरी फुगली. काकांनी ती मावशींच्या ताटात टाकली, वर ठेचा वाढला.

"मीठ?" त्यांनी विचारलं.

"कमी आहे," मावशी म्हणाल्या. जराही सांभाळून घेतलं नाही. काकांनी मीठ दिलं.

तिसरी भाकरीही मावशींच्याच ताटात पडली. गेली चाळीस वर्षं ही बाई सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं गार खात आली होती. आता बोटं पोळत होती तरी ती थांबेना. वाफेमुळे असेल, डोळे पाण्याने भरले होते आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं.

"आवर आता," काका म्हणाले. "ऊन व्हवाना आत बारडोली गाठनी शे."

मावशींनी हात धुतले आणि स्टेअरिंगवर जाऊन बसल्या. त्याला आता दीड वर्ष झालं. त्या दोघांच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं आहे. उंबऱ्यावर त्या बिऱ्हाडातल्या लेकरांच्या चपला पडलेल्या असतात.