शेषरावकाकांची मंजुरी

शेषरावकाकांनी कुणाला तोंडावर नाही म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. जालन्याच्या एका बियाणे कंपनीत ते गोदाम सांभाळत. त्यांच्या टेबलावर एक जाड काच होती. बियाण्याचा लॉट पसंत पडला की त्याचं कार्ड सही होऊन पॅकिंगकडे जायचं. नाही पडला की काका ते काचेखाली सरकवायचे आणि त्याबद्दल एक अक्षर बोलायचे नाहीत. माल देणारा शेतकरी दोनदा येई, चहा पिऊन जाई. तिसऱ्यांदा कार्ड तिथेच दिसलं की काय समजायचं ते समजे आणि आपलं सोयाबीन उचलून मोंढ्यात विकायला नेई.

"तोंडावर न्हाई कशाला म्हनायचं, माय?" ते मला म्हणाले होते. "मानसाला लागतं. चार लोकांत त्याचा माल खराब म्हटलं, तर तो घरी काय तोंड दाखवल?"

मी तिथे गेले होते ती सॉफ्टवेअर बसवायला. कंपनीत काम कसं चालतं ते चौकोन आणि बाण काढून दाखवायचं, मग तेच कॉम्प्युटरवर चढवायचं आणि माणसांना त्या बाणांमागून चालायला लावायचं, असा आमचा धंदा. महिनाभर खपून मी गोदामाच्या भिंतीएवढा तक्ता काढला आणि मोठ्या ऐटीत काकांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, खिशातून एका खऱ्या लॉटचं कार्ड काढलं आणि म्हणाले, "चल, चालून बघू."

आणि ते खरंच चालले. गेट, वजनकाटा, चाळणी, प्रयोगशाळा, पॅकिंग. प्रत्येक ठिकाणी थांबून, "आता तुझा कागद काय म्हनून राह्यला?" असं विचारत. मी मागून धावत होते. वजनकाट्यापाशीच माझे दोन चौकोन चुकले. फेरी संपल्यावर ते तक्त्यासमोर उभे राहिले. "सगळे बान पुढंच जाऊन राह्यले की गं. माल माघारी यायला वाटच न्हाई ठिवली तू."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. कॉलेजात शिकले ते शिकले, पण तक्ता कसा तपासायचा हे मला त्या माणसाने शिकवलं. पुढचे कितीतरी दिवस आम्ही माघारीच्या वाटा काढत होतो. प्रयोगशाळेने पास केलेला लॉटही ते स्वतः बघत. वाटीभर पाण्यात मूठभर सोयाबीन टाकायचं आणि बोलत बसायचं. ज्या दाण्याचं साल आपटून फुटलेलं असतं तो बोलता बोलता फुगतो, आणि तसा दाणा शेतात उगवत नाही. "साहेबाचा कागद खोटा न्हाई," ते म्हणत, "पर पोतं कुठून पडलं ते कागदाला दिसत न्हाई." ही वाटीही मी चौकोनात बसवली. काका खूश झाले. घरून धपाटे आणायला लागले.

मालकांचा धाकटा मुलगा कारभार बघायचा. सगळे त्याला भैया म्हणत. त्याला ती काच खटकायची. "मॅडम, काकांच्या टेबलावर माल अटकतो. आपला सीजन किती दिवसांचा? कुछ करो ना." करण्यासारखं होतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय तयारच होती: कामाच्या आठ तासांत मंजुरी देणाऱ्याने काही कळवलं नाही, तर मंजुरी आहे असं धरून लॉट पुढे जाईल. फक्त एक खूण करायची. मी केली.

शेवटच्या पडताळणीच्या बैठकीत मी एकेक पायरी मोठ्याने वाचली. सगळे "बराबर, बराबर" म्हणत होते. ही पायरी आली तेव्हा काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते काही बोलले नाहीत. मी इतिवृत्तात लिहिलं, 'शेषराव: हरकत नाही.' त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ त्या खोलीत माझ्याइतका कुणालाच नीट माहीत नव्हता. मला तो त्या दिवशी सोयीचा नव्हता, एवढंच.

पेरणीच्या तोंडावर एक मोठा लॉट आला. काकांनी वाटीत दाणे टाकले, बघितले, कार्ड काचेखाली सरकवलं. मोबाइलवर हो-नाहीची बटणं आली होती. त्यांनी कुठलंच दाबलं नाही. शहागडला नात्यात मयत झाली म्हणून ते दोन दिवस तिकडे गेले. परत आले ते थेट माझ्या टेबलापाशी.

"माय, कार्ड तर इथंच हाय. माल कुठं गेला?"

मी समजावून सांगितलं. ते ऐकता ऐकता खाली पोत्यावर बसले. त्यांच्याच नावाने मंजुरी पडली होती आणि पिशव्या मंठ्याच्या दुकानांत पोचल्या होत्या. "परत बोलवा, जल्दी," त्यांनी भैयाला हात जोडले. भैया म्हणाला, प्रयोगशाळेत पास आहे, घाबरू नका. काकांनी स्वतः दुकानदारांना फोन लावले, पण बराचसा माल उठला होता. काकांचं गाव मंठ्याजवळच. शेषरावाच्या हाताखालून गेलेला माल म्हणून लोक डोळे झाकून घेत असत.

उगवलं नाही. ओळीच्या ओळी मोकळ्या राहिल्या. गावचे लोक गेटवर येऊन काकांचंच नाव घेऊन ओरडत होते.

चौकशीला कृषी खात्याचे साहेब आले. मी नोंदीचा कागद काढून दिला: मंजूर, शेषराव, तारीख, वेळ. "ही मंजुरी यांनीच दिली?" साहेबांनी विचारलं. भैयाने माझ्याकडे बघितलं. आमचं पुढचं काम त्याच्या शब्दावर अडलं होतं आणि माझी नोकरी त्या कामावर.

"सिस्टीममध्ये त्यांच्या नावावर आहे," मी म्हणाले.

"पुरं सांग ना, माय," काका हळूच म्हणाले.

मी कागदाची घडी घातली. 

काकांनी दुसऱ्या दिवशी काम सोडलं आणि ते गावी गेले. तिथे त्यांच्या ओट्यावर कुणी बसायला येईना. रामराम घातला तर लोक मान फिरवत. हिवाळ्यात ते गेले. कशाने, ते नीट कुणीच सांगितलं नाही. एकाएकी जेवण सोडलं होतं म्हणे. कंपनीत मंजुरीच्या मुदतीचे आठ तासांचे चार तास झाले होते. तो बदलही माझ्याच हातचा.

तेराव्याला मी गेले. सगळं खरं सांगायचं असं ठरवून गेले. एसटीत बसून वाक्यं जुळवत होते. काकांचा मुलगा भोकरदनला शाळेत शिक्षक आहे. कंपनीतली म्हटल्यावर त्याने मला मांडवाबाहेर बाजूला नेलं.

"ताई, एक विचारू का? बाबा आमच्यापाशी कायीच बोलले न्हाईत. गाव म्हनतं, त्यांनीच तो माल सोडला. तुम्ही तिथं होत्या. खरंच सोडला होता का त्यांनी?"

मांडवात गावची माणसं बसली होती. 'नाही' म्हटलं असतं तर पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं: सोय कुणी केली, साहेबांपुढे कोण काय बोललं. मी खांद्यावरची पिशवी सारखी केली. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. 

"जाऊ द्या," शेवटी तोच म्हणाला. "वय झाल्तं त्यांचं. चुकलं असंल."

मग त्याने मला पंगतीत नेऊन बसवलं, आणि मी जेवले.