कुंपणावरचे तीन पायजमे

कुत्र्याला भिणारी माणसं मी जन्मभर बघितली, पण कुत्र्याला एवढं भिऊन कुत्र्याच्याच एवढं उपयोगी पडलेला माणूस एकच बघितला. तो म्हणजे आमच्या बागेचे दारोगा. निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. धाराशिवात कचेरीच्या मागं एक लहानशी सरकारी बाग होती. तिथल्या विहिरीवर मी मोट हाकायचो आणि बागेच्याच कोपऱ्यात एका खोपटात आम्ही राहायचो, मी, माझी बायको आणि आमची थोरली लेक चंपा. दारोगा हा हुद्दा ऐकायला मोठा वाटतो, पण त्यांच्या हाताखाली मी आणि दोन बैल एवढीच फौज होती. गाव त्यांना चाचा म्हणायचं. डोक्यावर तुर्की टोपी, हातात वेताची काठी, आणि फाटकाजवळच्या तिवईवर असे बसायचे, की वाटावं हैदराबादेहून खास ह्या तिवईसाठीच फर्मान निघालंय. गुलाबाशी बोलताना ते ‘आप’ म्हणायचे, मोगऱ्याला ‘तुम’ म्हणायचे आणि मला ‘तू’. बैलांचा नंबर माझ्या वर होता का खाली, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

बागेत शिरताना प्रत्येक पोरानं चाचांना सलाम करायचा, हा त्यांचा कायदा. सलाम नीट झाला नाही तर पोराला परत फाटकाबाहेर जाऊन नव्यानं यावं लागायचं. एक पोरगं एकदा पाच वेळा आत-बाहेर झालं आणि सहाव्या वेळेला म्हणालं, “चाचा, आता मी दमलो, घरीच जातो.” तर चाचांनीच उठून त्याला सलाम केला आणि आत घेतलं. पण कुणाचं पोर, कुठल्या वाड्यावस्तीतलं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. कचेरीतला एक कारकून एकदा माझ्या चंपाकडं बोट करून म्हणाला, “ही असली पोरं आत कशी?” चाचा म्हणाले, “गुलाब ने कुछ शिकायत की क्या, साब? नै की ना? फिर आप बी नक्को करो.”

आता पोरं आली की त्यांच्या मागं कुत्री आली. आणि कुत्रं म्हटलं की चाचा काठी विसरून तिवईवर चढायचे. शिवाय माणूस पाच वेळचा नमाजी, कुत्र्याचं ओलं तोंड कपड्याला लागलं की तो कपडा धुतल्याशिवाय त्यांना चालायचा नाही. म्हणून त्यांनी तिवईभोवती चुन्याची गोल रेघ मारली होती. रेघेच्या आत कुत्र्याला मनाई. कुत्र्यांना ती रेघ लई आवडायची. चुना गार लागतो म्हणून सगळी नेमकी रेघेवरच लांब पडायची, आणि मधे चाचा पाय तिवईवर घेऊन बसलेले. तरी दिवसातून एखादं शेपूट हलवत येऊन त्यांचा पायजमा चाटायचंच. मग चाचा तोटीचा बधना घेऊन विहिरीमागं जायचे, पायजमा बदलायचे आणि धुतलेला मेंदीच्या कुंपणावर टाकायचे. त्यांच्याकडं तीन पायजमे होते. आमच्या मंडळी खोपटातून कुंपणाकडं बघून मला सांगायच्या, “आज दोन वाळत्यात. तिसरा ऱ्हायलाय, तवर जेवून घ्या.” कारण तिसरा ओला झाला की चाचांचा राग माझ्यावर निघायचा.

मी एकदा म्हणालो, “चाचा, कुत्र्यांना बंदीच करा की. दारोगा तुम्ही हाय.”

ते म्हणाले, “कुत्ते कू रोके तो बच्चा बी बाहर रुकता. बच्चा बाहर रुका तो मैं यहाँ किसके वास्ते बैठूँ?” आणि आवाज खाली आणून म्हणाले, “मैं डरतूँ ये बात इनकू मालूम नै होना, बस.” ती बात गावातल्या शेवटच्या पिल्लापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. त्यांची बायको तरण्या वयात गेलेली, मूलबाळ नाही, हे मला पुढं आमच्या मंडळींकडून कळलं. बाईमाणसाला असलं न विचारता कळतं.

एका उन्हाळ्यात पेठेत पिसाळलेलं कुत्रं एकाला चावलं. दुपारी दवंडी आली, की उद्या सकाळी ज्याच्या गळ्यात चामड्याचा पट्टा नसेल ते कुत्रं मारलं जाईल. चंपाचा टिप्या म्हणजे हाडं आणि ठिपके, बाकी त्याच्यात काही नव्हतं. पोरीनं त्याला पोटाशी धरलं आणि भाकरीला तोंड लावीना. पट्टा आणावा कुठून? मोठ्या लढाईचे दिवस, चामडं सगळं फौजेला जायचं, पेठेत दिसत नव्हतं. मी सुतळी बांधून बघितली, तर दवंडीबरोबरचा शिपाई म्हणाला, “सुतळी नै चलती.” सांजच्याला बागेत नऊ पोरं आणि नऊ कुत्री जमली. एकही पोरगं खेळत नव्हतं. चाचा रेघेच्या आत उभे. त्यांनी विहिरीकडं बघितलं आणि म्हणाले, “मोट उतार.”

मोटेची सोंड म्हणजे खालची चामड्याची लांब नळी, पाणी तिच्यातूनच थारोळ्यात पडतं. ती आडवी कापत गेलं की गोल पट्टेच निघतात. पण सोंड कापली की मोट गेली, आणि मोट गेली की बाग वाळली. मी म्हणालो, “चाचा, तुमचे गुलाब?”

“गुलाब कू मैं समझातूँ,” चाचा म्हणाले. “तू काट.”

तांबडं फुटताना पट्टे गळ्यात चढवायला घेतले. कुत्र्याचं तोंड धरायला कुणीतरी पाहिजे होतं आणि पोरांच्या हातून ते निसटत होतं. तर चाचा स्वतः रेघ ओलांडून बाहेर आले. डोळे गच्च मिटून, मान मागं टाकून एकेक मुंडकं धरत होते आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होते. तिसऱ्या कुत्र्याला पहिला पायजमा गेला, सहाव्याला दुसरा, नवव्यानं तिसरा आणि वर बदलायला काढलेली लुंगीही बाटवली. सगळं धुऊन कुंपणावर टाकलं आणि चाचा पंचा गुंडाळून मोगऱ्याआड बसले. आमच्या मंडळींनी चंपाच्या हातून माझं धुतलेलं धोतर पाठवलं. ते नेसायचं त्यांना ठाऊक नव्हतं. मीच नेसवलं.

एवढ्यात कुत्री मारायला निघालेला मुकादम आला, मागं दोन काठीवाले. चाचा धोतरावर तुर्की टोपी घालून फाटकात उभे.

मुकादमानं वर-खाली बघितलं. “दारोगासाब किधर है?”

“तेरे सामने है,” चाचा म्हणाले. “सलाम कर और अंदर आ.”

त्यानं सलाम केला. एकेक गळा बघत निघाला. आणि त्याच वक्ताला आमच्या हाडकुळ्या टिप्याच्या गळ्यातला पट्टा डोक्यावरून निसटला आणि मातीत पडला. काठीवाला पुढं सरकला. चंपा पट्टा उचलायला धावली. मग चाचा वाकले आणि टिप्याला उचलून लेकरासारखं छातीशी धरलं.

“ये मेरा है,” म्हणाले. “मेरे कू बी पट्टा होना क्या?”

टिप्यानं त्यांची दाढी चाटली, मग गाल चाटला, मग टोपी. चाचांची पापणी हलली नाही. मुकादम धोतराकडं बघत होता, दाढीकडं बघत होता, शेवटी त्याला हसू आवरेना. “चलो रे,” म्हणाला, आणि काठ्या फाटकाबाहेर गेल्या.

चाचांनी टिप्याला खाली ठेवलं, स्वतःकडं बघितलं, मग कुंपणावरच्या तीन ओल्या पायजम्यांकडं बघितलं. आणि आमच्या मंडळी, ज्यांनी परक्या माणसासमोर कधी पदर ढळू दिला नाही का शब्द काढला नाही, त्या कुंपणाआडून मोठ्यानं बोलल्या, “आता माझं लुगडंच ऱ्हायलंय की ओ. देऊ का धाडून?”

चाचा गंभीरपणे म्हणाले, “भेजो बहन. नमाज बाकी है.” आणि मग आमच्या मंडळी ज्या हसायला लागल्या, त्या मेंदीला धरून खालीच बसल्या. चंपा हसली, पोरं हसली, नऊ कुत्री भुंकायला लागली. चाचांना शेवटी माझंच दुसरं धोतर दिलं.

पुढं महिनाभर पोरांनी तांब्यांनी आणि मडक्यांनी बाग शिंपली. एक साहेब तपासणीला आला आणि सोंड कुठं गेली म्हणून विचारू लागला. चाचांनी खरं तेच सांगितलं, “कुत्ते ले गए, हुजूर.” साहेबानं नवी सोंड मंजूर केली. गुलाब दोन गेले. त्यांची चाचांनी खरोखर माफी मागितली, मी ऐकलंय.

चाचा जाऊन जमाना झाला. बागेत आता नळ आहे आणि कुत्र्यांना मनाईची पाटी आहे. आमच्या मंडळी ह्या पौषात गेल्या. बायको गेल्यावर माणूस कुणासाठी बसतो, ते मला चाचांना विचारायचं राहून गेलं. लेकींनी तिची लुगडी नेली, एक मी ठेवून घेतलं. परवा ते धुतलं आणि मागल्या अंगणात वाळत घातलं. शेजारच्यांचं कुत्रं आलं, पदराला नाक लावून उभं राहिलं. मी त्याला हाकललं नाही. तिला सांगावं म्हणून वळलो, आणि मग एकटाच हसत बसलो. पौषापासून पहिल्यांदाच. बरं वाटलं.