रेघ जुळलेली आहे

मला तो माणूस आवडत नव्हता, आजही आवडत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल की मला त्याची दया आली.

चाकणच्या आमच्या कंपनीत मी क्वालिटीला, तो स्टोअरला. मूळचा महाळुंग्याचा, वय पन्नाशीचं. आधी मशिनवर होता. हात थरथरतो म्हणून स्टोअरला बसवला, असं सगळे म्हणत. त्याच्या तोंडावर कुणी म्हणत नसे. त्याने उतरवून घेतलेला माल मी नापास करायची, आणि मला साधा मार्कर हवा असला तरी तो अर्धा तास खिडकीत ताटकळत ठेवायचा. आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य.

गुरुवारी सुट्टी. देहूरोडच्या एका निवृत्त हवालदारांनी पत्र्याच्या शेडमध्ये एअर रायफलची रेंज काढली होती. मी जायला लागले तर तिथेही हा हजर. "हात अजून कामाचा हाय का, ते बघाया येतो," असं तो हवालदारांना सांगत होता, ते मी ऐकलं होतं.

दुर्बीण लावलेली रायफल एकच. दुर्बिणीवरचा गोल नॉब फिरवला की नेम वर-खाली होतो. वीस मीटरवर छर्रा बरोबर मधोमध लागतो, ती नॉबची जागा म्हणजे झिरो. लांब मारायचं तर नॉब फिरवून नेम वर घ्यायचा, आणि झालं की परत झिरोवर आणून ठेवायचा. लोक विसरत, आणि मग पुढच्याचे छर्रे वाया जात. एके दिवशी मी कंपनीतला पिवळा मार्कर नेला आणि नॉबवरून खाली दुर्बिणीच्या नळीवर उतरणारी एक जाड रेघ ओढली. बोल्ट आवळल्यावर आम्ही अशीच रेघ मारतो. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, बोल्ट हलला.

"मॅडम, रंगरंगोटी घरी करायची," तो सगळ्यांसमोर म्हणाला. हवालदारांना मात्र रेघ पसंत पडली. रेघ जुळली म्हणजे झिरो, असा रेंजवर नियमच झाला.

पुढे कंपन्यांच्या आपापसातल्या स्पर्धेसाठी आमच्या कंपनीतून एकच जण जाणार होता. उमेदवार आम्ही दोघं. वीस मीटर, पाच-पाच छर्रे. त्या दिवशी मी सकाळीच येऊन शेडबाहेर पन्नास मीटरवर सराव केला होता आणि नॉब रेघेवर आणून ठेवला होता. पहिला तो बसला. पाच छर्रे मारले. निशाणाचं कार्ड कोरं.

"साहेब, बंदूक बराबर न्हाई," तो म्हणाला. "म्या नेम मधीच धरला व्हता."

हवालदारांनी वाकून पाहिलं. "रेघ तर जुळलेली आहे."

"रेघ जुळलेली आहे, काका," मी म्हणाले. "हात हलतो तुमचा."

शेडमध्ये सहा-सात जण होते. कुणी हसलं नाही. त्याने उजवा हात पँटच्या खिशात घातला आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू?

मग मी बसले. पहिला छर्रा मारला. दुर्बिणीतून पाहिलं तर कार्ड तसंच कोरं. कार्डाच्या चार बोटं वर, जुन्या भोकांनी भरलेल्या फळीत, पाच ताजी भोकं दिसली. पाचही रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ. माझं सहावं त्यांच्या शेजारी होतं.

मला लगेच कळलं. बोल्ट अख्खा फेरा सैल झाला तर आंधळ्यालाही कळतं. पण नॉब अख्खा फेरा फिरला तरी रेघ पुन्हा जुळते. सकाळी पन्नास मीटरसाठी मी एका फेऱ्याहून जास्त वर गेले होते, आणि उतरताना रेघ पहिल्यांदा जुळली तिथेच थांबले होते. त्याचा हात तसूभरही हलला नव्हता.

रेघ तपासल्यासारखं करून मी नॉब एक फेरा खाली घेतला. रेघ पुन्हा जुळली. उरलेले चारही छर्रे मधोमध बसले.

"पहिला कुठे गेला?" हवालदारांनी विचारलं.

"हात हलला," मी म्हणाले.

स्पर्धेला मी गेले. तिथे काही दिवे लावले नाहीत. तो त्यानंतर रेंजवर आला नाही. बरं झालं, पीडा टळली, असं मी दर गुरुवारी मनाशी म्हणायची.

महिन्याभराने मार्कर संपला म्हणून स्टोअरच्या खिडकीशी गेले. या वेळी त्याने ताटकळत ठेवलं नाही. लगेच नवा मार्कर काढला आणि दोन्ही हातांनी धरून पुढे केला, भरलेला कप द्यावा तसा.

"मॅडम, तुमची रेघ बराबर व्हती," तो म्हणाला. "डाक्टरला दावला हात. गोळ्या चालू केल्यात. बंदुकीचं खूळ सोडलं आता."

तो भांडला असता तर मीही भांडले असते, आणि भांडणाच्या भरात खरं बोलून गेले असते. तो भांडला नाही. मी मार्कर घेतला आणि लाइनवर जाऊन बोल्टांवर रेघा मारायला लागले.