चेन मंडळींची उदबत्ती

फेम्के माझ्या सानिकाला पोहायला शिकवते. आमच्या हॉलंडमधल्या, अ‍ॅमस्टेलव्हीनच्या घरामागेच कालवा आहे, त्यामुळे लेक तिच्या हाताखाली असली की माझा जीव जरा भांड्यात पडतो. फेम्के वर्षाची असताना एका डच जोडप्याने तिला चीनमधल्या अनाथालयातून आणलं. तिथल्या कागदांवर तिचं आडनाव होतं चेन. ते तिने अजून जपून ठेवलंय.

इथल्या चेन आडनावाच्या लोकांचं एक मंडळ आहे, त्यांच्या वार्षिक जेवणाला ती मला घेऊन गेली. "माझे गोरे आईबाबा आले तर सगळे त्यांच्याकडेच बघतील, संध्या," म्हणाली. तिला एकच हवं होतं. पूर्वजांच्या नावांच्या पाटीपुढे सगळ्यांबरोबर उदबत्ती लावायची.

आधी अध्यक्षांचं भाषण झालं. फार पूर्वी चेन नावाचं राज्य होतं. ते बुडालं, पण माणसांनी त्याचंच आडनाव करून सोबत नेलं. दक्षिणेत फुजियानला, तिथून जावा, सुरीनाम, आणि आता इथे. कुठे त्याचं चान झालं, कुठे तान. "पण रक्त एकच!" फेम्केने डोळे पुसले आणि उदबत्ती हातात घेतली.

शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, "कुठल्या गावची गं तू?"

फेम्केने अनाथालयाचं सांगितलं.

"हात्तिच्या! तिथे सगळ्या पोरींना एकच आडनाव चिकटवतात. फाटकावरचं कुत्रंसुद्धा चेन असेल!"

सगळं टेबल हसलं. आजीबाईंनी तिच्या बोटांतून उदबत्ती काढून घेतली.

"बरंच झालं की. खरी चेन असतीस तर चेनशी लग्न कसं झालं असतं?"

मला लगेच कळलं. आमच्याकडेही सगोत्र म्हणून स्थळं परत जातात. फेम्केला मात्र काही उमगलं नाही.

"तो बघ माझा पुतण्या, कढईपाशी उभा आहे तो. दोन बायका सोडून गेल्या, पण नूडल्स झकास करतो. मी तरी कुठे जन्माची चेन? सून होऊन आले, आज पहिली उदबत्ती माझी असते. तूही ये, मग लाव हव्या तितक्या!"

पुन्हा हशा. या वेळी फेम्केही हसली, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

परतताना ट्राममध्ये मी तिचा हात धरून बसले. "म्हाताऱ्या माणसांचं काय मनावर घ्यायचं," म्हटलं.

आमचा थांबा आला तेव्हा ती म्हणाली, "संध्या, त्याच्या बायका का सोडून गेल्या, ते कुणाला विचारता येईल?"